ढकलायला कोट कशाला?

सिनेमात कॅमेरा पुढे सरकतो तेव्हा कुणीतरी तो ढकलत असतं, हे मी आयुष्यात इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता सांगायचाही कंटाळा येतो. लोकांना वाटतं, कॅमेऱ्याला इंजिन असतं. नसतं. निदान आमच्या वेळच्या बंगळूरच्या स्टुडिओत तरी नव्हतं. तिथलं इंजिन मी होतो.

आमचं घराणं शिंप्यांचं. आमची माणसं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली म्हणतात. कशाला आली ते आता कुणालाच ठाऊक नाही, पण आली ती इथलीच झाली. घरात मराठी बोलायचं, दुकानात कन्नड, आणि मापाचे आकडे इंग्रजीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. चिकपेटेतल्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि ते फक्त कोट शिवायचे. शर्ट-पायजमा घेऊन कुणी आलं तर समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. त्यांच्या हातचा कोट दुसऱ्यांदा दुरुस्तीला आला असं कधी झालं नाही, असं ते स्वतःच सांगायचे, आणि ते खरंही होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी माझ्यासाठी गडद राखी रंगाचं कापड आणलं. माझं माप घेतलं, वहीत लिहिलं, कापड बेतलं. त्याच महिन्यात मी दुकानातलं मशीन सोडून स्टुडिओत लागलो. का लागलो? चोवीस वर्षांच्या माणसाला का विचारायचं नसतं. एका दिवसासाठी पडदे शिवायला गेलो होतो, तिथे ट्रॉलीवर बसलेला कॅमेरा हळूच एका बाईच्या चेहऱ्याकडे सरकताना पाहिला आणि घरी आल्यावर मशीनसमोर बसवेना. अण्णांनी विचारलं, "तिथं करतोस काय तू?"

"ट्रॉली ढकलतो," मी म्हणालो.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ढकलायला कोट कशाला रे?" म्हणाले, आणि बेतलेले तुकडे जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत टाकले. वर डांबरगोळ्या. पुढे लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा तिला बोलावून म्हणाले, "तुझा नवरा ढकलायचा थांबला की सांग. त्या दिवशी शिवीन."

मी लग्नात मामेभावाचा कोट घालून उभा राहिलो. अण्णांचा कोट बारा वर्षं ट्रंकेत पडून राहिला.

ट्रॉली म्हणजे काय ते सांगतो. चार चाकांची लाकडी फळी, तीवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसून तो चालवणारा ऑपरेटर, त्याच्या कडेला टेप घेऊन अंतर मोजणारा फोकसवाला, आणि पुष्कळदा कोपऱ्यात टेकलेला आमचा कॅमेरामन. एवढं सगळं सागवानी रुळांवर. रूळ आठ-आठ फुटांचे, जोडाजोडाने मांडायचे, आणि जमीन जिथे खाली गेली असेल तिथे पाचर मारायची. माझी एक पद्धत होती. घरून आणलेला पितळी पेला मी काठोकाठ पाण्याने भरायचो, रिकाम्या ट्रॉलीवर ठेवायचो आणि एकदा ढकलून बघायचो. ज्या जोडावर पाणी सांडलं तिथे पाचर. परत पेला, परत पाचर. चाकं कुरकुरू नयेत म्हणून रुळाला पूड चोळायची, ती मी अण्णांच्या दुकानातल्या खडूच्या तुकड्यांची करायचो. आखणीच्या खडूचे झिजलेले तुकडे ते कोपऱ्यातल्या डब्यात टाकायचे. मी उचलून न्यायचो. त्यांनी कधी विचारलं नाही, पण डबा कधी रिकामाही राहू दिला नाही.

ढकलण्यातही प्रकार असतात. चेहऱ्याकडे जायचं असेल तर सुरुवात कळता कामा नये. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपलाच जीव त्या माणसाकडे ओढला जातोय. कुणी चालत येत असेल तर त्याच्या पुढे पुढे, मागे सरकत ट्रॉली ओढायची, आणि त्याच्या पावलाला पाऊल लावायचं. गोल रूळ असले तर नायक-नायिका मधे गात राहतात आणि ट्रॉलीवाला घाण्याच्या बैलासारखा भोवती फिरतो. सगळ्यात अवघड असतं थांबणं. ढकलायला ताकद लागते, पण थांबवायला अख्खं अंग लागतं. पाठ, मांड्या, उजवा खांदा, सगळं एकदम लावून ते धूड असं थांबवायचं की भरलेला पेला हलू नये.

आमचा कॅमेरामन मोठा अबोल माणूस. तो फळीवर पायाच्या टाचेने मला खुणा करायचा. एक ठोका म्हणजे निघ. दोन म्हणजे स्वल्प निधान, जरा हळू. टाच दाबून धरली की थांब. बारा वर्षांत त्याचं-माझं जे बोलणं झालं त्यातलं बहुतेक या टाचेतून झालं.

पहिल्या महिन्यात त्याने मला एकच धडा दिला. नायिका रडत होती, ती रडतेय हे बघत मी ट्रॉली ढकलत होतो, आणि बघता बघता ट्रॉली खुणेच्या पुढे जाऊन खांबावर आपटली. तो खाली उतरला, माझी मान धरून खाली वाकवली आणि जमिनीवरच्या खडूच्या खुणेकडे बोट केलं. "चेहरा बघितलास तर गोष्टीत अडकशील. तुझं काम पाय बघायचं. पाय खुणेवर आले की थांब. साकु."

साकु म्हणजे पुरे. मला पुरलं. त्या दिवसापासून मी चेहरे सोडले. बारा वर्षांत किती नट-नट्या माझ्यासमोरून चालत गेल्या, त्यांचे पाय मला अजून आठवतात. कोण डावा पाय ओढतो, कुणाच्या टाचेला भेगा आहेत, कोण वळण्याआधी अंगठा दाबतो. एका खूप मोठ्या नटाला पुढे एकदा बाजारात कुणीतरी दाखवलं तर मी आधी त्याच्या चपलांकडे पाहिलं आणि मगच म्हणालो, हो, तोच.

सातव्या-आठव्या वर्षी पाठीने बोलायला सुरुवात केली. आधी सकाळी, मग दिवसभर. संध्याकाळी बायको तेल चोळायची आणि चोळता चोळता विचारायची, "अहो, ते बसायचं काम कधी देणार तुम्हाला?" कॅमेरामन म्हणाला होता, पुढच्या पिक्चरला तू कॅमेऱ्यावर बस, ऑपरेटरच्या हाताखाली शिक. पुढचं पिक्चर आलं, गेलं. मग त्याच्या पुढचं. अशी चार पिक्चरं मी ढकलली. रात्री जेवायला पाहुणे आले आणि "मुलगा काय करतो" असं विचारलं की अण्णा म्हणायचे, "ढकलगाडी आहे त्याची." पाहुण्यांना वाटायचं मी भाजी विकतो. मी तोंडातला घास गिळायचो. मला कॅमेरा हवा होता हे खरं, पण त्याहून खरं हे की मला स्टूल हवं होतं. बसायचं होतं मला. आणि ट्रंकेतला तो कोट हवा होता.

तो दिवस आला तो ऑपरेटरला कावीळ झाली म्हणून आला.

प्रसंग असा होता. नायिका सासरचं घर कायमचं सोडून निघाली आहे. माजघरातून ओसरीपर्यंत ती सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते, ट्रॉली तिच्या पुढे मागे मागे सरकते, दाराशी ट्रॉली थांबते, पण ती थांबत नाही. ती आणखी चार पावलं जवळ येते, उंबऱ्यावर उभी राहते, आणि तेव्हा पडदाभर तिचा चेहरा दिसतो. अख्खा सिनेमा त्या चेहऱ्यासाठी होता. नायिकेचं काम करणाऱ्या बाईंना त्याच संध्याकाळच्या गाडीने मद्रासला जायचं होतं आणि कच्ची फिल्म त्या काळी परवान्यावर मिळायची, ती एकाच टेकपुरती उरलेली होती. दिग्दर्शक अस्वस्थ होऊन सेटवर येरझाऱ्या घालत होता. कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं.

"तुला हा शॉट पाठ आहे. तू बस," तो म्हणाला.

सकाळपासून रूळ मीच मांडले होते. पेला मीच फिरवला होता. तिसऱ्या जोडाला जमीन पोकळ होती, तिथे मी दोन पाचरी मारल्या होत्या आणि तरी माझं समाधान झालं नव्हतं. ढकलायला दोन लाइटवाले आले. धडधाकट गडी, पण ट्रॉलीला त्यांनी असे हात लावले जसे घराबाहेर कपाट काढायचंय. मी त्यांना टाचेच्या खुणा शिकवल्या. मग स्टुलावर बसलो. बारा वर्षांत पहिल्यांदा मी फळीच्या वर होतो. डोळा काचेला लावला. उजव्या हातात दांडा, तो खाली दाबला की कॅमेरा वर बघतो, वर उचलला की खाली.

"स्टार्ट" झालं. बाई निघाल्या. मला त्या डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसत होत्या. मी टाचेचा ठोका दिला आणि ट्रॉली सरकली. सुरुवात जरा धसमुसळी होती, पण ठीक. पहिला जोड गेला. दुसरा गेला. आता तिसरा येणार हे माझ्या अंगाला कळलं, मला नाही. माझी नजर आपोआप खाली गेली, आणि नजरेबरोबर हाताने दांडा जरासा उचलला. तिसरा जोड पार पडला. मी श्वास सोडला. काचेतून सगळं सुरेख दिसत होतं. बाई काय चालत होत्या! एक पाऊल चुकत नव्हतं. ट्रॉली थांबली तेव्हा त्या चार पावलं जवळ आल्या आणि खुणेवर, अगदी खडूच्या रेघेवर, दोन्ही पावलं जुळवून उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. डोळे पुसत होता तो. "कॅमेरा?"

"ओके, सर," मी म्हणालो.

कॅमेरामन लांब, एका दिव्याला आडोसा धरून उभा होता. त्याने मान हलवली. बाई गाडीसाठी निघून गेल्या. फिल्मचा डबा धुवायला मद्रासला गेला. तो धुऊन यायला आठ दिवस लागायचे.

ते आठ दिवस मी ऑपरेटर होतो. आता मागे वळून बघतो तर आयुष्यात मी नक्की काय होतो याचा हिशेब एवढाच लागतो: आठ दिवस ऑपरेटर, बाकी ढकलगाडी. पण ते आठ दिवस मात्र खरे होते. मी ताठ चालायचा प्रयत्न करायचो. बायकोने पहिल्याच संध्याकाळी अण्णांना सांगितलं, "ढकलायचं थांबलं."  दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडी दिसली आणि घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. मी स्टुडिओतून यायच्या आत मशीन थांबायचं. मला कळू द्यायचं नव्हतं त्यांना, आणि मीही कळलं नाही असं दाखवत होतो. कोट शिवताना दोन वेळा अंगावर चढवून बघितल्याशिवाय अण्णा बटण लावत नसत, हा त्यांचा दंडक. माझ्या कोटासाठी त्यांनी तो मोडला. बारा वर्षांपूर्वी बेतलेले तुकडे, बारा वर्षांपूर्वीचं माप, आणि मुलगा चकित व्हावा ही हौस. इतक्या जुन्या कारागिराने असं करावं याचं मला अजून नवल वाटतं.

बायकोने अर्थातच गल्लीत सांगितलं, गल्लीने समाजाच्या अध्यक्षांना सांगितलं. आमच्या समाजाचा एक छोटा हॉल होता. तिथे रविवारी संध्याकाळी माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, केशरी दूध. अध्यक्ष स्वतः घरी आमंत्रण द्यायला आले आणि म्हणाले, "आपल्यातलं कुणी सिनेमात एवढं वर गेलं नव्हतं बघा." मी नम्रपणे मान खाली घातली. अण्णा कोपऱ्यात बसून, गिऱ्हाइकाचा कोट असल्यासारखं दाखवत, काजं करत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा दोरा त्या दिवशी एकदाही तुटला नाही.

त्याच रविवारी सकाळी डबा आला. मॅजेस्टिकजवळच्या एका थिएटरात पहिल्या खेळाच्या आधी आम्ही पाच-सहा जण बसलो. अंधार झाला, पडद्यावर शॉटच्या नंबराची पाटी झळकली, आणि बाई माजघरातून निघाल्या.

पहिला जोड. दुसरा जोड. छान होतं. मग, मला तो क्षण नेमका आठवतो, कॅमेरा जरासा खाली झुकला आणि बाईंचं डोकं पडद्याच्या वरच्या कडेने कापलं गेलं. मी वाट बघत राहिलो की आता वर येईल. आला नाही. गळ्यापासून खाली एक बाई ओसरीवरून चालत होती. ट्रॉली थांबली. ती जवळ येत गेली. आधी गळा गेला, मग खांदे, मग कंबर. शेवटी पडदाभर निऱ्या आणि दोन पावलं. पावलं खडूच्या रेघेवर तंतोतंत थांबली. बोटांत जोडवी होती, डाव्या अंगठ्याला पट्टी. आणि ती पावलं तिथेच राहिली, फिल्म संपेपर्यंत.

मागे कुणीतरी हसलं. मग दिवे लागले आणि कुणी हसेना.

दिग्दर्शक उठला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तिचा चेहरा कुठे आहे?" आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेला.

कॅमेरामन माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. "तू काय बघत होतास?"

"पाय," मी म्हणालो.

 त्याला आठवलं असणार, माझी मान कुणी खाली वाकवली होती ते. पण तसं तो काही म्हणाला नाही. "सरी," म्हणाला. ठीक आहे. "बाईंच्या नव्या तारखा मिळाल्या की परत घेऊ. ऑपरेटर तोवर बरा होईल. तू ट्रॉली बघ." आणि जाताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला नको होता.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खुंटीला कोट लटकत होता. गडद राखी, काळं अस्तर, तीन बटणं. बायको दारातच हसत उभी. अण्णा खुर्चीवर, नवं धोतर नेसून. मला सांगायचं होतं, पण ते म्हणाले, "आधी घाल की," आणि मी घातला. सांगण्यापेक्षा घालणं सोपं होतं.

कोट बसला नाही. आरशात बघायची गरजच नव्हती. पाठीत तो ताणला गेला, मानेमागे कॉलर उभी राहिली, आणि उजव्या खांद्यावर कापडाची पिशवी लोंबली. पुढची टोकं एक वर, एक खाली. अण्णा उठले. माझ्याभोवती एकदा फिरले. खांदा चिमटीत धरून बघितला. वही आणली, माप बघितलं, टेप लावली, परत वही बघितली. मग खुर्चीवर बसले आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

"हात गेला माझा," ते म्हणाले.

मी माझ्या बापाला तोवर रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले नाहीत. पण आवाज पार उतरला होता. "पन्नास वर्षं कापतोय. पोटच्या पोराचा कोट चुकला. आता दुकान सुम्ने, उगाच आपलं, उघडायचं ते उघडायचं. साहेबलोकांचे कोट कुठल्या तोंडानं घेऊ?"

बायको म्हणाली, "अण्णा, स्वल्प सैल केलं की होईल." ते ऐकत नव्हते. खडू, टेप आणि कात्री त्यांनी टेबलावर एका बाजूला सारली.

मी गप्प राहू शकलो असतो. संध्याकाळी सत्कार होता. अण्णांचा हात म्हातारा झाला असं ठरलं असतं, माझा दिवस निभावून गेला असता. निभावावा असं मला वाटलंही, क्षणभर. खोटं कशाला सांगू.

"तुमचा हात गेला नाही, अण्णा," मी म्हणालो. "माझी पाठ गेली."

मग सगळं सांगितलं. फिल्म, जोड, पाय, निऱ्या, पट्टी बांधलेला अंगठा. दिग्दर्शक काय म्हणाला ते. उद्यापासून परत ट्रॉली, ते. कोट अंगात तसाच होता. बोलताना मला भयंकर थकवा आला, बारा वर्षांचा एकदम. बायको दारात बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी तिच्या पायांकडे बघत होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काढ तो कोट. शर्ट पण काढ."

मी उघडा उभा राहिलो. त्यांनी मला खिडकीकडे पाठ करून उभं केलं आणि चष्मा लावून बघितलं. मापासाठी नाही, नुसतं बघितलं. बोटाने मणक्यावरून खाली गेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता, मानेखाली गाठीसारखा उंचवटा आला होता. त्यांनी तो दाबला.

"कधी झालं हे?"

"होत गेलं."

"एका घरात राहतोस तू माझ्या," ते म्हणाले. ते माझ्यावर चिडले होते की स्वतःवर, मला कळलं नाही. "रस्त्यात कुणी अनोळखी दिसला तर त्याचा पडलेला खांदा मला लांबून कळतो. आणि घरात..." 

संध्याकाळी हॉलला गेलो. जाऊ नये असं माझं मत होतं, पण अण्णा म्हणाले, नारळ आणून ठेवलेत त्यांनी, लोक येऊन बसलेत. मी साध्या शर्टात गेलो. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, बोला म्हणाले. मी उभा राहिलो आणि सांगितलं की चूक झालीय, मी कॅमेरा चालवत नाही, ट्रॉली ढकलतो, आणि उद्याही तीच ढकलणार आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं बोलणं मोकळेपणाचं आणि विनयाचं झालं असं अध्यक्ष म्हणाले. ऑपरेटर आणि ट्रॉलीवाला यांतला फरक तिथे एकालाही ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो फक्त शेवटच्या रांगेत बसलेल्या अण्णांना, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. केशरी दूध चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओला निघालो तेव्हा अण्णा कोट उसवत बसले होते. म्हणाले, "इकडे ये. भिंतीला हात लाव. ढकलतोस तसा."

"अण्णा, राहू दे आता."

"लाव म्हणतो ना."

मी भिंतीला दोन्ही तळवे लावले, उजवा पाय मागे घेतला, पाठ वाकवली. बारा वर्षं जसा उभा राहत होतो तसा. त्यांनी टेप काढली आणि तसंच, वाकलेल्या अवस्थेत, माझं माप घेतलं. मानेपासून कंबरेपर्यंत, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, उजवी बाही वेगळी, डावी वेगळी. आकडे इंग्रजीत पुटपुटत वहीत लिहिले. जुन्या मापावर त्यांनी काट मारली.

बाईंच्या तारखा मिळाल्या त्या थंडीत. दरम्यान दिग्दर्शकाने प्रसंग बदलला होता. आता नायिका घराच्या दारातून नाही, तर येलहंक्याच्या तळ्याकाठच्या वाटेने चालत निघून जाणार होती. सकाळी सातला आम्ही तिथे होतो. तळ्यावर धुकं होतं, गवत ओलं, रूळ बर्फासारखे गार. मी पेला फिरवला, पाचरी मारल्या, खडूची पूड चोळली. थंडी फार होती म्हणून पिशवीतून कोट काढून अंगात घातला. फोकसवाला हसला. "काय साहेब, लग्नाला निघालात?" कोट मी ताठ उभा राहिलो की पाठीत फुगायचा आणि कॉलर मानेपासून सुटायची, त्यामुळे त्याचं हसणं बरोबरच होतं.

बरा झालेला ऑपरेटर स्टुलावर बसला. कॅमेरामन फळीच्या कोपऱ्यात टेकला. मी वाकून ट्रॉलीला हात लावले, आणि कोट माझ्या अंगावर बसला. खांदे खांद्यावर आले, बाह्या मनगटापर्यंत आल्या, पाठीवर एक चुणी राहिली नाही. इतका नेमका कोट मी त्याआधी कधी घातला नव्हता, आणि नंतरही नाही. ढकलायला कोट कशाला, असं बारा वर्षं विचारणाऱ्या माणसाने तो ढकलण्यासाठीच शिवला होता.

फळीवर टाचेचा एक ठोका पडला. बाई चालायला लागल्या आणि मी त्यांच्या पायांकडे बघत निघालो.